मीठ तपासायचं आयोडीन किट: अकरा मिठं तपासून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हे लांबणार आहे. ज्यांना फक्त घेऊ की नको एवढंच पाहिजे त्यांनी इथंच थांबा: घ्या, स्वस्त आहे, काम करतंय, पाचातले साडेतीन स्टार. दीड स्टार का कापले ते पुढं येतंय, आणि माझ्या उतावळेपणामुळं काय होणार होतं, ते पण सांगते.

तर वस्तू काय आहे, ऑनलाइन मागवलेलं बारकं खोकं, दोन काडेपेट्या शेजारी शेजारी ठेवल्या की होतील तेवढं. आत टेस्ट सोल्यूशनच्या दोन बाटल्या, रिचेक सोल्यूशनची एक, टोपणाएवढी प्लास्टिकची वाटी, बाटलीच्या तोंडाला भोक पाडायला एक टाचणी आणि रंगांचं कार्ड. कार्डावर चार चौकोन आहेत, ०, ७, १५ आणि ३० पीपीएम (म्हणजे किलोभर मिठात तेवढे मिलिग्रॅम आयोडीन), पांढऱ्यापासून गडद जांभळ्यापर्यंत. मीठ वाटीत भरायचं, वरून बोटानं सपाट करायचं, दोन थेंब टाकायचे आणि मिनिटाच्या आत कार्डाशी रंग जुळवून बघायचा. एवढंच. आमच्या बेळगावातल्या शहापूरला पोचायला आठ दिवस लागले, त्यातले चार दिवस ते हुबळीत पडून होतं, का ते त्या कुरियरवाल्यालाच माहीत.

आता मीठ तपासायचं खूळ माझ्या डोक्यात आलं कुठून. दोन वर्षांमागं रक्ततपासणीत माझा टीएसएच वाढलेला निघाला, म्हणजे थायरॉईड मंद झालेला, वजन, केस गळणं, दुपारी ऑफिसात मान पडायची, सगळं साग्रसंगीत. गोळी चालू झाली. सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी, तेपण अर्धा-पाऊण तास आधी, आणि लोहाची-कॅल्शियमची गोळी असली तर ती चार तासांनी. ते सगळं ठीक. पण आमच्या गल्लीत थायरॉईड झालेली मी एकटी नव्हे, त्यामुळं डॉक्टरपेक्षा गल्लीचा सल्ला जास्त मिळायला लागला, आणि त्या सल्ल्याचा सूर एकच, की बाई, हे सगळं त्या पाकिटातल्या मिठामुळं झालंय. आयोडीन घालून घालून लोकांना थायरॉईड लावालेत. आपल्या आज्ज्यांना कुठं होता थायरॉईड? त्या खडे मीठ खायच्या आणि शेतात राबायच्या.

व्हॉट्सॲपवर पण तेच. मग मी एका प्रदर्शनातून गुलाबी सैंधव आणलं, पाकिटातल्या मिठाच्या चौपट भावात, आणि घरातली निळी पाकिटं बंद. सासूबाई तर एकदम खूश, त्यांच्या दृष्टीनं रोजच उपवासाचं मीठ. दीड वर्ष आमच्या घरी आमटीपासून आंबिलापर्यंत सगळ्यात सैंधव पडलं. विकणाऱ्यानं छातीठोक सांगितलेलं, ‘मॅडम, यात नैसर्गिकच आयोडीन असतंय, वरून घालायची गरज नाही.’ हे वाक्य लक्षात ठेवा.

यंदा धाकट्या जावेला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात तिच्याबरोबर मी दवाखान्यात गेलेली, डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, मीठ कुठलं खाता? जाऊ मोठ्या अभिमानानं म्हणाली, सैंधव. बाईंनी लिहायचं थांबवलं आणि आमच्या दोघींकडं बघितलं. रागावल्या नाहीत, पण मग जे पाच मिनिटं सांगितलं ते मला कुणी आधी का सांगितलं नाही असं झालं. थायरॉईड ग्रंथी जो हार्मोन बनवते तो बनतोच आयोडीनपासून, टी-४ मध्ये आयोडीनचे चार अणू आणि टी-३ मध्ये तीन, नावातच आकडा आहे. पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी पहिले काही महिने काम करत नाही, तोवर त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारा हार्मोन आईकडूनच जातोय. म्हणून मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागत असलं तर गरोदर बाईला २५०. आणि सैंधवात? जवळजवळ नाहीच.

१५० मायक्रोग्रॅम म्हणजे किती ते मी घरी येऊन कॅल्क्युलेटरवर केलं. रोज तेवढं धरलं तर सत्तर वर्षांत चार ग्रॅम पण भरत नाही. चमचाभरसुद्धा नव्हे, अख्ख्या जन्माला! पण शरीरात साठा फार होत नाही, त्यामुळं तो चमचा रोज कणाकणानं खावा लागतोय, एकदम खाऊन मोकळं होता येत नाही. म्हणून मीठ. मीठ गरीब खातो, श्रीमंत खातो, आणि रोज साधारण तेवढंच खातो. डोकं लावलंय ज्यानं कुणी हे काढलं त्यानं.

तर त्या रात्री किट ऑर्डर केलं.

पहिलं मीठ अर्थात सैंधव. जाऊ, मी, सासूबाई आणि सातवीतला पुतण्या, चौघं टेबलाभोवती, जसं काय निकाल लागणार आहे. दोन थेंब टाकले. काहीच नाही. गुलाबी मीठ गुलाबीच राहिलं, नुसतं ओलं झालं. पुतण्या म्हणाला, काकू, किट खराब हाय. मग नव्या पाकिटातलं आयोडीनचं मीठ घेतलं, तेच दोन थेंब, आणि वाटीत एकदम जांभळ्या शाईचा डाग पडावा तसं झालं. सासूबाई म्हणाल्या, ‘अगोबाई, वांग्यागत झालं की!’ किट खराब नव्हतं.

हे होतंय कसं ते पुतण्याला समजावताना माझंच शाळेचं सायन्स वर आलं. बटाट्यावर आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा होतो, तो प्रयोग आठवतोय ना? तेच उलटं. इथं बाटलीत स्टार्च आणि थोडं आम्ल आहे, आणि मिठात पोटॅशियम आयोडेट. आपल्याकडच्या मिठात आयोडीन आयोडेटच्या रूपात घालतात, आपल्या हवेत, दमटपणात ते जास्त टिकतं म्हणून. थेंब पडले की आयोडेटमधून आयोडीन सुटं होतं, स्टार्चला चिकटतं, जांभळा रंग. आयोडेट नाही तर रंग नाही.

सैंधव नंतर रिचेक पण केलं, तीन वेळा केलं, कारण चौपट पैसे मोजलेले. शून्य ते शून्यच. गुलाबी रंग लोहामुळं असतोय म्हणे, आयोडीनचा त्याच्याशी काही संबंध नाही. काळं मीठ, चाट मसाल्यात घालतो ते, तेपण शून्य. म्हणजे खाऊ नका असं नव्हे, कोशिंबिरीवर, ताकात खावा, चव मलापण आवडते. पण घरातलं एकमेव मीठ तेच ठेवायचं, आणि तेसुद्धा घरात गरोदर बाई असताना, हा शहाणपणा आम्ही दीड वर्ष पैसे देऊन विकत घेत होतो.

समुद्राच्या मिठानं मात्र मला खरंच चकवलं. आमच्याकडं गोव्याहून नातेवाईक आले की मीठगरातलं करडं, जाडं मीठ आणतात, एक पिशवी गोकर्णाकडून पण आलेली. मला पक्कं वाटलेलं की समुद्राचं मीठ म्हणजे आयोडीन असणारच, कारण समुद्रात आयोडीन असतंय हे शाळेपासून ऐकलेलं. दोन्ही पिशव्या पांढऱ्या! नंतर वाचलं तेव्हा कळलं की समुद्राच्या पाण्यात आयोडीन एका लिटरला ५०-६० मायक्रोग्रॅम, तेवढंच, आणि ते पाणी आटवून केलेल्या मिठात नावापुरतंच उरतं. समुद्रातलं आयोडीन शेवाळात जमतं, मासळीत जमतं, म्हणून बांगडा खाल्ला तर मिळेल. १८११ साली आयोडीन सापडलं तेच मुळी समुद्री शेवाळाच्या राखेतून, कूर्त्वा नावाच्या फ्रेंच माणसाला. मिठागरातल्या मिठाला समुद्राचा वास असला तरी आयोडीन वरून घालावंच लागतं. आता आमच्याकडं कारवार-गोव्याची मासळी येते बाजारात, पण रोज बांगडा कोण खातंय, आणि श्रावणात तर विचारूच नका.

आता माझ्या उतावळेपणाची गोष्ट. रविवार पेठेतल्या ज्या दुकानातून आम्ही वर्षाचं खडे मीठ घेतो, लोणच्याला, तिखट करायला, त्या दुकानात मी गेले. दुकानदार कन्नड बोलतो, मराठी पण बोलतो, माणूस बघून भाषा बदलतो. ‘कल्लुप्पू बेकेनरी अक्का?’ म्हणाला, म्हणजे खडे मीठ पाहिजे का, मी म्हटलं व्हय, अर्धा किलो द्या, आयोडीनचं आहे न्हवं? तर म्हणाला, अक्का, बिनआयोडीनचं विकायला परवानगीच नाही, पोत्यावर बघा की. पोत्यावर खरंच आयोडाइज्ड लिहिलेलं, आयोडीनच्या मिठाची खूण असतो तो हसरा सूर्य पण होता. घरी आणून, कुटून, दोन थेंब टाकले. पांढरं!

मी तडक चपला घातल्या. डोक्यात सगळं भाषण तयार, गिऱ्हाइकाला फसवता, सूर्य छापता आणि आत काही नाही, तक्रार करीन. पुतण्यानं हाक मारली, काकू थांब, हे दुसऱ्या बाटलीवर काय लिहिलंय बघ. रिचेक सोल्यूशन. पहिल्यांदा रंग नाही आला तर ताजं मीठ घ्यायचं, त्यावर आधी रिचेकचे थेंब, मग टेस्टचे. कारण काही खडे मिठात मातीचा, चुनखडीचा अंश असतो, तो अल्कली असतो, तो टेस्टमधलं आम्लच खाऊन टाकतोय आणि मग आयोडीन असलं तरी रंग उठत नाही. केलं तसं. आणि हळूहळू, दहा-पंधरा सेकंदांत, फिकट जांभळा रंग यायला लागला. ७ आणि १५ च्या मधे कुठंतरी. म्हणजे दुकानदार खोटं बोलत नव्हता, आणि मी सगळ्या बाजारात तमाशा करून आले असते. चपला काढल्या, पाणी प्यालं.

पण इथंच कंपनीचा अर्धा स्टार गेला. कारण ही रिचेकची गोष्ट आतल्या कागदावर सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, इंग्लिश आणि हिंदीत. मराठी नाहीच, कन्नड पण नाही. ह्या भागात आम्ही कुठल्या पाटीवर कुठली भाषा यावर जन्म घालवलेत, पण ह्या खोक्यानं दोघांनाही सारखंच वगळलंय, त्यामुळं वादाला पण जागा नाही.

खडे मिठाबद्दल अजून एक. आई लोणच्याचं मीठ आधी धुते, म्हणजे एकदा पाण्यातून काढून उन्हात वाळवते, घाण जावी म्हणून. ते धुतलेलं मीठ खानापूरहून मागवून तपासलं, रिचेकसकट शून्य. आणि न धुतलेलं, त्याच पिशवीतलं, फिकट जांभळं. आयोडेट मिठावर फवारलेलं असतंय, खड्याच्या बाहेरच्या अंगाला, धुतलं की पहिल्यांदा तेच जातं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली आयोडीनच्या मिठानं लोणचं काळं पडतंय, नासतंय. हे पण सगळीकडं ऐकलेलं असेल तुम्ही. मी गेल्या महिन्यात लिंबाचं लोणचं मुद्दाम न धुतलेल्या मिठात घातलंय, काही काळं पडलेलं नाही. पाकिटातल्या बारीक मिठानं खार कधी कधी गढूळ दिसतो, तो त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेल्या पावडरीमुळं.

आणि बरणी! आयोडीनचं पाकीट परत चालू केल्यावर एक भाग पाकिटात क्लिप लावून कपाटात ठेवला आणि एक गॅसच्या शेजारच्या उघड्या मिठाच्या सटात, जिथं आमच्याकडं तीस वर्षं मीठ असतं, कुकरची वाफ थेट त्यावर. पावसाळा होता, म्हणजे इकडचा पावसाळा, भिंतींना पण घाम येतो. दोन महिन्यांनी दोन्ही तपासलं. कपाटातलं अजून चांगलं जांभळं, सटातलं बऱ्यापैकी फिकं. डोळ्यानं बघितलेलं सांगतेय, एका घरातला एक प्रयोग, लॅब नव्हे. पण सट आता झाकणाचा आलाय आणि गॅसपासून दोन हात लांब आहे. सासूबाईंचा हात अजून सवयीनं गॅसकडंच जातो. शिजवताना पण थोडं आयोडीन उडतंय, म्हणून जमेल तिथं मीठ शेवटी घालते, पण डाळीत शेवटी मीठ घातलेलं सासूबाईंना पटत नाही आणि त्या भांडणात मी पडत नाही.

बाकीची मिठं पटकन: कमी सोडियमवालं, सासऱ्यांच्या बीपीसाठी आणलेलं, चांगलं जांभळं. माहेरच्या गावातल्या दुकानातलं स्वस्त पाकीट, नाव कधी ऐकलेलं नाही, मला वाटलेलं पांढरं निघणार, तर १५ च्या वरच दिसलं. ऑफिसजवळच्या खाणावळीतल्या टेबलावरचं, शून्य ते सातच्या मधे, पण ती डबी किती दिवसांची कुणास ठाऊक. आणि चुलतभावानं अमेरिकेहून आणलेला डबा, त्यावर ठसठशीत आयोडाइज्ड लिहिलेलं, तर शून्य! भाऊ चिडला. मग डब्याच्या मागं वाचलं तर पोटॅशियम आयोडाइड होतं, आयोडेट नव्हे. हे किट फक्त आयोडेट पकडतंय. म्हणजे परदेशी मिठाचा निकाल यावर लावू नका, अमेरिकेची बदनामी होईल.

आता गल्लीचा मूळ प्रश्न, आज्ज्यांना कुठं होता थायरॉईड. माझी आज्जी, आईची आई, जांबोटीच्या पुढच्या गावची. तिच्या गळ्याला पेरूएवढी गाठ होती. फोटोत सगळ्यात पदर गळ्याशी ओढलेला. घरात म्हणायचे गंडमाळ, खरं तर गंडमाळ वेगळी, ही गलगंड. कुणी दवाखान्यात नेलं नाही, दुखत नाही ना मग राहू दे. आज्जीला थायरॉईड नव्हता म्हणणारे तिला कधी बघायला आले नाहीत, एवढंच. तिची गाठ आयोडीन कमी पडूनच झाली असं मी छातीठोक सांगू शकत नाही, कुणी तपासलंच नाही. पण आयोडीन कमी पडलं की ग्रंथी जास्त राबते आणि फुगते, हे तर पक्कं आहे, आणि जिथं फार पाऊस, डोंगर, पूर, तिथल्या मातीतलं आयोडीन धुऊन जातं, मग त्या मातीतल्या भाताभाजीत कुठून येणार. हिमालयाच्या पायथ्याला तर गावंच्या गावं गलगंडाची होती. आमच्या कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला धुऊन जाणं म्हणजे काय ते सांगायला नको.

त्याच हिमालयात, हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात, १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामींनी लाखभर लोकांच्या भागात प्रयोग सुरू केला. काही भागाला आयोडीनचं मीठ, काही भागाला साधं. काही वर्षांत आयोडीनवाल्या भागातल्या शाळेच्या पोरांचे गलगंड उतरले, साध्या मिठाच्या भागात जसेच्या तसे, मग तिथं पण आयोडीनचं मीठ दिलं आणि तिथंही उतरले. माझ्या वाटीतल्या दोन थेंबांच्या मागं हा केवढा मोठा पसारा आहे ते मला माहीतच नव्हतं. १९६२ ला देशाचा गलगंड कार्यक्रम आला, १९९२ ला त्याचं नाव बदललं, कारण तोवर कळलेलं की प्रश्न फक्त गळ्याच्या गाठीचा नाही, पोरांच्या डोक्याचा आहे. २००० साली मधेच बिनआयोडीन मिठावरची बंदी उठवली, माणसाला काय खायचं ते ठरवू दे म्हणून, आणि मग १७ मे २००६ पासून परत लावली. आमचं सैंधवाचं दीड वर्ष म्हणजे आमच्या घराचं २०००.

२०१८-१९ च्या देशव्यापी सर्व्हेत साधारण ७६ टक्के घरांत पुरेसं म्हणजे १५ पीपीएम किंवा जास्त आयोडीनचं मीठ सापडलं, आणि स्वतः मीठ पिकवणाऱ्या तमिळनाडूत सगळ्यात कमी, ६२ टक्क्यांच्या आसपास. मिठागराशेजारी राहणारा माणूस पाकीट कशाला आणेल, बरोबर आहे. गलगंडाच्या भागात जाहीर झालेल्या जिल्ह्यांत हेच किट आशाताईंना दिलेलं असतंय, महिन्याला ५० घरांतलं मीठ तपासायचं आणि त्याचे मिळतात २५ रुपये. पन्नासचे पंचवीस. मी अकरा तपासून एवढं मोठं लिहायला बसलेय.

मग मला थायरॉईड कशानं झाला? पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी अँटी-टीपीओ नावाची रक्ततपासणी करायला लावली, ती वाढलेली आली. म्हणजे शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करतंय, हाशिमोटो म्हणतात त्याला. त्याला मीठ सोडून उपयोग नाही आणि मीठ वाढवून पण उपयोग नाही, गोळीच. आठ शहरांत झालेला एक मोठा अभ्यास २०१३ ला छापून आला, त्यात गोवा पण होतं, बेंगळूर, मुंबई पण, त्यात साधारण ११ टक्के मोठ्या माणसांचा थायरॉईड मंद निघाला. जिथं आयोडीन पुरेसं आहे तिथं असा थायरॉईड जास्त करून ह्या हाशिमोटोमुळंच असतो. आता गल्लीच्या म्हणण्यात अजिबातच तथ्य नाही असंही नाही, आयोडीन खरोखर अती झालं तर ज्यांच्यात आधीच हे बी आहे त्यांच्यात ते भडकू शकतंय, म्हणून मनानं केल्पच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या, गोळ्या घेऊ नका, त्यात एका गोळीत किती असेल सांगता येत नाही. पण आमटीतलं मीठ म्हणजे अती नव्हे. ३० पीपीएमचं मीठ दिवसाला ५ ग्रॅम खाल्लं तर बरोबर १५० मायक्रोग्रॅम होतंय, आणि ५ ग्रॅम म्हणजे जागतिक आरोग्य संघटना म्हणते तेवढीच मिठाची मर्यादा. म्हणजे बीपीवाल्यांनी कमी खावा आणि आयोडीनचं खावा, दोन्ही एकत्र जमतंय, त्यात भांडण नाही. सासऱ्यांना हे कागदावर करून दाखवलं तेव्हा पटलं, त्यांना कागद लागतो.

किटकडं परत येते. कुठं कमी पडतंय ते सांगते. एक, आकडा मिळत नाही. कार्डावर चार चौकोन असले तरी ७ आणि १५ मधला फरक संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये मला एक दिसतो, जावेला दुसरा, सासूबाईंना तिसरा. आहे की नाही हे छान सांगतंय, पुरेसं आहे का हे अंदाजानं. नेमका आकडा पाहिजे तर लॅबमध्ये टायट्रेशन. कार्डाची छपाई पण फिकी आहे, १५ चा चौकोन आणि ३० चा चौकोन जुळे भाऊ वाटतात, त्यासाठी अर्धा स्टार. दोन, टाचणी. बोथट. भोक मोठं पडलं आणि एक बाटली पहिल्याच दिवशी टेबलावर सांडली, अजून त्या टेबलक्लॉथवर मीठ सांडलं की तिथं जांभळे ठिपके पडतात, त्यामुळं तसा टेबलक्लॉथ पण किट झालाय. आपली बारीक सुई घ्या. उरलेला अर्धा स्टार तारखेचा, माझ्या खोक्यावरच्या एक्स्पायरीला चारच महिने राहिलेले, विकणाऱ्याला मेसेज टाकला, उत्तर नाही. म्हणजे मागवताना तारीख विचारून घ्या आणि महिन्याभरात वापरून टाका. आणि थेंब टाकलेलं मीठ परत डब्यात टाकू नका, आमच्या पुतण्यानं तेपण करून बघितलंय.

आणि हे मिठाचं किट आहे, तुमचं नव्हे. मीठ जांभळं झालं म्हणून तुमचा टीएसएच बरोबर असेल असं नाही, पांढरं झालं म्हणून बिघडलाच असेल असंही नाही. आमच्या शेजारच्या काकू वाटीभर मीठ घेऊन आल्या आणि म्हणाल्या बघ गं, मला थायरॉईड आहे का. त्यांना हात धरून लॅबला पाठवलं.

जावेला आता सातवा लागलाय, तिचं टीएसएच ठीक आहे, डॉक्टरीणबाई दर वेळी मीठ विचारतात आणि जाऊ लाजते. सैंधवाची दोन पाकिटं अजून आहेत, ती ताकाला.

मागच्या आठवड्यात त्या रविवार पेठेतल्या दुकानदाराला मी सगळं सांगितलं, त्याच्याशी भांडायला निघालेले तेपण. तो हसला नाही, उलट विचारात पडला. पोतं दुकानाच्या दारात, उघडं, पावसाची झड थेट त्यावर यायची. ‘आत ठेवलं तर रंग वाढेल काय अक्का?’ म्हटलं, गेलेला वाढणार नाही, राहिलेला राहील. टेस्टची दुसरी बाटली, अर्धी उरलेली, त्याला देऊन आले, सुई पण दिली. काल गेले तर पोतं आत, फळीवर, वरून प्लास्टिक, आणि हा बाबा येईल त्या गिऱ्हाइकाला वाटीत थेंब टाकून दाखवालाय. एक्स्पायरी सांगितलीय त्याला, पण बाटली त्याच्या आधीच संपणार.